बालगृह म्हणजे बोर्डिंग नव्हे

कोल्हापूरला घरापासून लांब राहून शिकणारी पोरं नवीन नाहीत. शाहू महाराजांच्या काळात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढं लिंगायत आणि मुस्लिम बोर्डिंग, मग १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकाच्या आसपास फिरलं की त्यांतल्या काहींच्या पाट्या आजही दिसतात. म्हणूनच असेल, पण "एक पोरगं बालगृहात घालायचंय, कुणाची ओळख आहे का?" असा प्रश्न इथं अगदी सहज विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बोर्डिंगच असतं. दोन वेळचं जेवण, शाळा, दिवाळीला घरी.

बालगृहात मूल असं घालता येत नाही. तिथं अर्ज, ओळख किंवा नगरसेवकाची चिठ्ठी चालत नाही. आईबापांनी नेऊन सोडलं तरी अधीक्षकांना ते आपल्या अखत्यारीत ठेवून घेता येत नाही. मूल आत जातं ते बाल कल्याण समितीच्या लेखी आदेशानं, आणि बाहेर येतं तेही तिच्याच आदेशानं. आदेश देण्याआधी समितीनं पहिला प्रश्न विचारायचा असतो तो असा: हे मूल घरीच राहण्यासाठी काय केलं तर चालेल? माझ्या मते सगळी यंत्रणा या एका प्रश्नावर उभी आहे. इमारत, खाटा, जेवणाचा हॉल हे सगळं त्याचं उत्तर मिळालं नाही तर लागणारं.

आधी एक गोंधळ काढून टाकू. "गप बस, नाहीतर रिमांड होमला धाडीन" ही धमकी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, आणि तिच्यामुळं दोन निराळ्या जागा लोकांच्या डोक्यात एक झाल्यात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ सालचा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला. तो १८ वर्षांखालच्या मुलांचे दोन गट करतो. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं चालतं, आणि चौकशी सुरू असताना गरज पडली तर त्यांना निरीक्षणगृहात, म्हणजे लोक ज्याला रिमांड होम म्हणतात तिथं, ठेवतात. ज्यांना काळजीची आणि संरक्षणाची गरज आहे, म्हणजे हरवलेली, टाकलेली, मारहाण झालेली, भीक मागायला लावलेली, लग्न लावून दिलं जाण्याच्या बेतात असलेली मुलं, त्यांचं प्रकरण बाल कल्याण समितीपुढं जातं आणि त्यांच्यासाठी असतं बालगृह. सहा वर्षांखालच्या अनाथ किंवा सोडून दिलेल्या बाळांसाठी विशेष दत्तक संस्था, म्हणजे आपण ज्याला शिशुगृह म्हणतो ते. मंगळवार पेठेतल्या बालकल्याण संकुलासारख्या ठिकाणी एकाच आवारात वेगवेगळ्या संस्था असल्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला सगळं एकच वाटतं. कागदावर आणि व्यवहारात ती वेगळीच ठेवावी लागतात. बालगृहातल्या मुलानं काहीही केलेलं नसतं. त्याच्या वर्गातल्या पोरांच्या आयांना एवढं कळलं तरी बरंच काम होईल.

समिती म्हणजे कोण? एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई हवीच. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि महिन्यातून किमान २० दिवस बसायचं असतं. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती २०२२ च्या सप्टेंबरपासून अमलात आली, आणि तेव्हापासून समितीच्या कामावर आणि संस्थांवर लक्ष ठेवण्याची जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी वाढली.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते बघू. समजा, रात्री साडेदहाला मध्यवर्ती बसस्थानकावर दहा वर्षांचा मुलगा एकटा बसलाय. गाव सांगतो हातकणंगले तालुक्यातलं, पण घरी जायचं म्हटलं की मान हलवतो. कंडक्टर १०९८ ला फोन लावतो. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती सरकार स्वतः चालवतं आणि ती ११२ शी जोडली गेलीय. तिथून पुढचे चोवीस तास महत्त्वाचे. प्रवासाचा वेळ सोडून तेवढ्या अवधीत मुलाला समितीपुढं हजर करावं लागतं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढं नेलं तरी चालतं. सदस्य मुलाशी बोलतात आणि तात्पुरता आदेश देतात: चौकशी होईपर्यंत बालगृह, किंवा विश्वासातलं कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडं.

कंडक्टरनं दया येऊन त्याला स्वतःच्या घरी नेलं असतं तर? आपल्याकडं हे फार होतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत चुकलेलं लेकरू कुणीतरी मायेनं घरी नेतं, जेवूखाऊ घालतं, दोन दिवसांनी बघू म्हणतं. माया खरी असते, पण कायद्यात बसत नाही. एकटं सापडलेलं मूल चोवीस तासांत पोलिसांना, हेल्पलाइनला किंवा समितीला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कारण साधं आहे, मूल पळवून नेणाराही पहिल्या दिवशी मायाळूच दिसतो.

पुढचं काम सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात कमी दिसणारं. समाजकार्यकर्ती किंवा परिवीक्षा अधिकारी मुलाच्या गावी जाते आणि १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देते. ती काय बघते? घरात किती खोल्या, झोपायला कोण कुठं. कमावतं कोण, कर्ज कुणाचं. शाळेच्या हजेरीपटावर शेवटची खूण कधीची. शेजारीण काय सांगते आणि सांगताना आवाज कधी खाली आणते. बसस्थानकावरच्या त्या मुलाच्या घरी कळतं ते असं: वडील वारले, आई शिरोली एमआयडीसीत कामाला. दुसरी पाळी असली की घरी यायला रात्रीचे अकरा. सांभाळणारी आजी गेल्या वर्षी गेली. चुलत्याशी जागेवरून वाद, त्यामुळं शेजारच्या दारातून आधार नाही. संध्याकाळभर पोरगं एकटं, मोठ्या पोरांच्या संगतीला लागलेलं, आईनं एकदा तापून मारलं, म्हणून पळालं.

या मुलाला आई आहे. तिला तो हवाय. अशा घरातल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत बालगृहात ठेवणं म्हणजे आईच्या पाळीचा प्रश्न मुलाच्या बालपणानं सोडवणं. इथं समितीनं जे करायचं ते निराळंच आहे. आईला पैशाचा नियमित आधार, शाळेत परत नाव, आईच्या कामाच्या ठिकाणी पहिल्या पाळीसाठी शब्द टाकणं, मायलेकांसाठी समुपदेशन आणि काही महिने कार्यकर्तीच्या घरभेटी. मग मुलाला घरी सोपवण्याचा आदेश. ही सगळी चौकशी साधारण चार महिन्यांत संपावी असं कायदा सांगतो.

याच मुलाच्या अंगावर जुन्या डागांच्या खुणा असत्या, किंवा घरातल्याच कुणी त्याच्याशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं त्यानं सांगितलं असतं, तर उत्तर बदललं असतं. तिथं पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा नोंदवला जातो, आणि मुलाला त्या घरापासून दूर ठेवावंच लागतं. बालगृहाची खरी गरज असते ती इथं. अल्पवयीन मुलीचं लग्न अडवलं आणि घरचे "आता ती आमची नाहीच" म्हणून मोकळे झाले, तिथंही. आई किंवा वडील कळंब्याच्या तुरुंगात आणि बाहेर नातेवाईक कुणी नाही, तिथंही. बाई तुरुंगात गेली तर तिचं मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्यासोबत राहू शकतं, त्यानंतर मात्र बाहेर कुणाकडं तरी सोपवावं लागतं.

यावरून लक्षात येईल की बालगृहातली बरीच मुलं अनाथ नसतात. कुणाची आई आहे, कुणाचे वडील आहेत, कुणाची आजी दर महिन्याला भेटायला येते. गरिबी एवढ्या एकाच कारणासाठी मूल घरापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय. आपल्या कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलाय. तरीही आपल्या राज्यात वर्षानुवर्षं बालगृहं ही गरिबांची फुकट वसतिगृहं म्हणून वापरली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हंगामापुरतं मुलांना कुठं ठेवायचं हा खरा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर हंगामी वसतिगृह किंवा फडाजवळची साखरशाळा आहे. तिथं आईबाप पालकच राहतात, मूल कायद्याच्या भाषेत त्यांच्यापासून सुटत नाही.

"पण आत चांगली सोय असेल तर काय बिघडलं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. कागदावर सोय चांगलीच लिहिलीय. झोपायच्या खोलीत मुलामागं ४० चौरस फूट जागा. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र काळजी आराखडा: तब्येत कशी, अभ्यास कुठवर, घरी परत जाण्याच्या वाटेत अडथळा काय. सहा ते दहा, अकरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा अशा वयोगटांच्या मुलांच्या समित्या, ज्यांनी जेवणापासून खेळापर्यंत आपलं म्हणणं मांडायचं. तक्रारपेटी. मारण्याला बंदी, आणि ती तोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा. चांगल्या संस्थांत यातलं बरंचसं खरंच पाळलं जातं. काळजीवाहक बायका स्वतःच्या पोरांइतक्या मुलांवर जीव लावताना दिसतात.

अडचण आहे ती पाळ्यांची. सकाळची मावशी दुपारी जाते, दुपारची रात्री. कुणी नोकरी सोडतं, कुणाची बदली होते. तापानं फणफणलेल्या चार वर्षांच्या पोरीला आज जिनं मांडीवर घेतलं, ती उद्या सुट्टीवर असते. घरातलं मूल दर वेळी त्याच माणसाकडं धावतं. त्याच माणसानं उचललं, पुसलं, रागावलं, परत जवळ घेतलं, हे शेकडो वेळा घडतं तेव्हा कुठं त्याच्या मनात जगाबद्दल भरवसा बसतो. लहान वयात हे चुकलं तर काय होतं, याचा सगळ्यात भक्कम पुरावा रोमानियातून आला. तिथल्या अनाथालयांतली सहा महिने ते अडीच वर्षं वयाची १३६ मुलं अभ्यासकांनी घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एक गट प्रशिक्षित पालक-कुटुंबांत गेला, दुसऱ्याची नेहमीचीच व्यवस्था चालू राहिली. पुढं वर्षानुवर्षं तपासणी केली तेव्हा कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीत आणि माणसांशी जुळवून घेण्यात सरस ठरली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. त्या संस्थांची अवस्था आपल्या चांगल्या शिशुगृहांपेक्षा वाईट होती, हे मान्य. पण वयाबद्दलचा धडा तोच राहतो. तीन वर्षांखालचं बाळ शक्यतो संस्थेत राहूच नये.

म्हणून पैसा आधी घरी जायला हवा. महाराष्ट्रात त्यासाठी जी योजना आहे ती आपल्या तालुक्यांत बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते, पण नीट माहीत नसते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ च्या वाढीपूर्वी ही रक्कम १,१०० होती. एक पालक गेलेला, आईबापांचा घटस्फोट झालेला, आईला टाकून दिलेलं, पालक दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलेला किंवा तुरुंगात, अशा घरांतली १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. याशिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्व मिळू शकतं, महिन्याला ४,००० रुपये. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत असावं लागतं. दोन्हींची वाट जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातून जाते. बालसंगोपनाची मंजुरी बाल कल्याण समितीच्या हातात असते, प्रायोजकत्वाची जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या. सोबत मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक तयार ठेवायचं. पैसे देऊन काम करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. अर्जाला फी नाही.

खरं तर विधवा बाईच्या हातात हे पैसे वेळेवर पडले तर निम्म्या घरांत बालगृहाचा विषयच निघणार नाही, असं या कामात मुरलेली माणसं खाजगीत सांगतात. मला ते पटतं. पैसे उशिरा येतात ही तक्रार गावोगाव ऐकू येते, आणि पाच-सहा महिन्यांचे एकदम जमा झाले तर तोवर मूल कामाला लागलेलं असतं.

नात्यात कुणीच नसेल आणि दत्तकही शक्य नसेल तर प्रतिपालकत्वाची सोय आहे. म्हणजे दुसऱ्या कुटुंबानं मूल ठराविक काळासाठी, समितीच्या देखरेखीखाली सांभाळायचं. आपल्याकडं ही गोष्ट अजून रुजलेली नाही. "परक्याचं पोर, उद्या परत नेलं तर जीव तुटायचा" ही भीती आहे, आणि ती खोटी नाही.

दत्तकाबद्दल दोनच गोष्टी. दवाखान्यातून, ओळखीच्या नर्समार्फत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या संदेशावरून बाळ घेणं हा गुन्हा आहे, पैसे दिले असोत वा नसोत. अनाथ किंवा सोडून दिलेल्या बाळासाठी सरळ मार्ग एकच, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी. आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. दुसरी गोष्ट त्या आईसाठी, जिला बाळ ठेवणं शक्य नाही. तिला बाळ समितीपुढं रीतसर सोपवता येतं. तिचं नाव गुप्त राहतं, आणि निर्णय बदलायला तिला दोन महिने मिळतात. मंदिराच्या पायरीवर किंवा उसाच्या सरीत बाळ ठेवून पळण्याची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून ही तरतूद आहे. ती एसटी स्टँडवर आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्या अक्षरांत लावायला हवी.

मग येतो अठरावा वाढदिवस. बाकीच्या घरांत या दिवशी गाडीच्या लायसनची चर्चा असते. बालगृहातल्या मुलाचा त्या दिवशी आदेश संपतो. कायद्यात पुढची सोय आहे, २१ वर्षांपर्यंत अनुरक्षण, विशेष कारण असेल तर २३ पर्यंत. राहायला जागा, शिक्षण किंवा एखादं काम शिकण्यासाठी मदत. अनाथ मुलांना राज्य सरकारनं २०१८ साली शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षणही दिलं, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते मूल संस्थेत असतानाच काढून ठेवावं. बाहेर पडल्यावर कागद गोळा करत फिरणं म्हणजे जन्माचा दाखला कुठल्या गावचा इथपासून सुरुवात. पण कागदांच्या पलीकडंही अडतं. उद्यमनगरात काम मिळतं, खोली मिळत नाही. घरमालक विचारतो, "गाव कुठलं? घरी कोण कोण?" पोरगं एक क्षण थांबतं, आणि तेवढ्यानंच खोली दुसऱ्याला जाते. आजारी पडल्यावर डबा कोण आणणार, सणाला जायचं कुणाकडं, लग्नाची बोलणी कोण करणार, याला योजना नाही. ज्या संस्था जुन्या मुलांशी संपर्क ठेवतात, दिवाळीला त्यांना बोलावतात, त्यांची मुलं तगतात. हे मी आकडेवारीवरून नव्हे, ओळखीच्या पोरांकडं बघून म्हणतोय.

आता आपल्या कोल्हापूरकरांच्या उदारपणाबद्दल, कारण तो प्रचंड आहे आणि थोडा वळवायची गरज आहे. वाढदिवस असो, वडिलांचं वर्षश्राद्ध असो, "आश्रमातल्या मुलांना एक जेवण" ठरलेलं. लाडू, जिलेबी, कधी तांबडा-पांढरा. मग रांगेत बसलेल्या मुलांबरोबर फोटो, आणि संध्याकाळी तो स्टेटसला. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो किंवा मजकूर प्रसिद्ध करायला कायद्यानं बंदी आहे, शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेचं राहू दे. त्या फोटोतली पोरगी उद्या शाळेत जाते तेव्हा वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर ती "अनाथ मुलांसोबत वाढदिवस" या ओळीखाली हसत असते, आणि तिची आई तर गारगोटीला जिवंत आहे. शिवाय एका रविवारी तीन-तीन जेवणं येतात आणि बुधवारी साधी आमटी-भात असते. जेवण द्यायचंच तर संस्थेला आधी विचारून, सणाबाहेरचा वार निवडा. डाळ-तांदूळ, सॅनिटरी पॅड, चष्मे, दाताच्या डॉक्टरांचं बिल, हे विचारलं तर अधीक्षक खुलून बोलतील.

संस्था नोंदणीकृत आहे का, हेही विचारा. मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला या कायद्याखाली नोंदणी लागते, पाच-पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. "आमचा ट्रस्ट आहे" हे त्याचं उत्तर नव्हे. प्रमाणपत्र भिंतीवर असतं, नसलं तर मागितल्यावर दाखवायला हवं. दाखवायला टाळाटाळ झाली तर महिला व बाल विकास कार्यालयात कळवा. नोंदणीशिवाय मुलं ठेवणाऱ्या संस्थाचालकाला वर्षभरापर्यंतची कैद किंवा किमान लाखाचा दंड होऊ शकतो.

आणि वेळ द्यायचा असेल, तर आठवीच्या वरच्या मुलांना गणित-इंग्रजी शिकवणारं माणूस बहुतेक ठिकाणी हवंच असतं. त्यासाठी आधी अधीक्षकांची परवानगी आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी लागते, तिचा राग मानू नका. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर फेब्रुवारीत जाऊन फारसा उपयोग होत नाही. जूनमध्ये, शाळा सुरू होताना जा, आठवड्यातला एक वार ठरवा, आणि येणार नसाल त्या वारी मुलांना आदल्या दिवशी तसं सांगा.